वगळलेल्या ओळी

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या पेठेतल्या त्या लहानशा पुस्तकाच्या दुकानातले मधले टेबल दोघांनी मिळून उचलायचे आणि मागच्या भिंतीला, कोशांच्या कपाटाला लावून ठेवायचे, अशी गेल्या अकरा वर्षांची रीत आहे. टेबलावरच्या पुस्तकांचे गठ्ठे त्याआधी जिन्याच्या पायऱ्यांवर रचले जातात, त्यामुळे तेवढ्या वेळात माळ्यावर कोणाला जाता येत नाही. शेजारच्या मंडपवाल्याकडून पंचवीस खुर्च्या येतात, त्यांतल्या बावीसच आत मावतात, आणि बाहेर राहिलेल्या तीन खुर्च्यांवर बहुधा कार्यक्रमाशी काहीही संबंध नसलेले, फिरायला निघालेले आजोबा विसावतात. सहा वाजता कोणी लेखक किंवा लेखिका आपले नवे पुस्तक उघडून वीस-पंचवीस मिनिटे वाचतात, मग प्रश्न होतात, मग चहा होतो आणि टेबल पुन्हा जागेवर येते. या साऱ्यात माझ्याकडे काम एकच असते, ते म्हणजे टेबलाची एक बाजू धरणे. बाकीचा वेळ मी दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या कडेला, त्याच पुस्तकाची प्रत आणि पेन्सिल घेऊन बसते.

पेन्सिलीची सवय धंद्यातली आहे. मी मुद्रितशोधनाचे काम करते, आणि या कामात इतकी वर्षे घालवलेल्या माणसाच्या कानावर पडणारे वाक्य डोळ्यांपुढच्या वाक्याहून वेगळे निघाले की हात आपोआप हलतो. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात एक कथालेखिका वाचत होत्या आणि मी ओळीला ओळ लावून ऐकत होते. तिसऱ्या परिच्छेदात छापील पानावर अंधाराला तीन विशेषणे होती आणि त्यांनी एकच वाचले. अनवधानाने झाले असेल, असे समजून मी समासात बारीक खूण केली. पुढच्या पानावर एक उपमा गेली. त्याच्याही पुढे परिच्छेदाच्या शेवटी, आधी जे सांगून झाले होते तेच समजावून देणारे एक संपूर्ण वाक्य गेले. वाचन संपले तेव्हा माझ्या प्रतीत चौदा खुणा होत्या, आणि घरी येऊन त्या पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले की त्यांतली एकही चूक नव्हती. प्रत्येक ठिकाणी वगळलेल्या शब्दांवाचून वाक्य उजळले होते. चार महिन्यांपूर्वीच पुस्तक छापून आले होते, म्हणजे प्रुफांवर बाईंनी ते शब्द निदान दोनदा तरी पाहिले असणार. मग ते नको आहेत हे त्यांना बावीस माणसांपुढे बसल्यावरच का कळावे?

तेव्हापासून मी या खुणा जमवू लागले. आज माझ्याकडे अशा नव्वदेक प्रती आहेत, ज्यांत लेखकाने मोठ्याने वाचताना काय गाळले ते पेन्सिलीने नोंदलेले आहे. ही नोंद करण्यामागे संशोधनाचा वगैरे काही आव नाही. त्या प्रती कोणी मागितल्या तर मी देतही नाही. एकदा दिली होती, ती गोष्ट पुढे येईल.

काय गाळले जाते, यात थोडीफार शिस्त सापडते. विशेषणे सर्वांत आधी जातात. त्यांच्या मागोमाग 'म्हणजेच', 'थोडक्यात', 'हे सांगायला नकोच' अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्ये जातात. विनोदी लेखक आपले सगळ्यांत आवडते वाक्य गाळतात, हे मी तीनदा पाहिले आहे. त्या वाक्याच्या आधीच लोक हसले असतील तर ते बिचारे तसेच ओलांडून पुढे जावे लागते. पहिल्या रांगेत कोणी शाळकरी मूल दिसले की शिव्या जातात, आणि त्या जागी एक लहानसा खोकला येतो. कवी सहसा काही गाळत नाहीत, पण ओळ दुसऱ्यांदा म्हणतात, आणि दुसऱ्यांदा म्हणताना एखादा शब्द बदलतो. ही सारी काटछाट समोर चेहरे असतात म्हणून होते, असे मला वाटते. टेबलाशी एकटे बसून लिहिणाऱ्या माणसाला ऐकणाऱ्याचा कंटाळा दिसत नाही, त्याच्या डोळ्यांतली समजही दिसत नाही, आणि म्हणून तो खात्री पटेपर्यंत सांगत राहतो.

आपल्याकडे हे नवे मुळीच नाही. चातुर्मासात पोथी लावली जायची तेव्हा एक जण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा, आणि अर्थ सांगणारा जाणता असेल तर ऐकायला कोण बसले आहे ते पाहून तो किती सांगायचे ते ठरवायचा. माझ्या आजोळी माजघरात बायकांची गर्दी असली की गुरुजी युद्धाचे अध्याय भराभरा उरकत आणि माहेर-सासरचा प्रसंग आला की पाण्याचा गडू जवळ ओढून मांडी बदलत. पुढे 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता सभांमधून गाऊन दाखवायला सुरुवात केली आणि काव्यगायनाची लाटच आली. त्या गायनाची नंतर पुष्कळ टिंगल झाली, पण छापील कवितेला श्रोता मिळवून देण्याची धडपड त्यात होती, हे नाकारता येत नाही. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर हे तिघे वर्षानुवर्षे एकत्र गावोगाव फिरून कविता वाचत राहिले. मराठी शाळांच्या पटांगणांत आणि गणेशोत्सवांच्या मांडवांत ज्यांनी त्यांना ऐकले, त्यांना त्यांच्या कविता आजही डोळ्यांनी वाचता येत नाहीत, कानांनीच वाचाव्या लागतात. माझी मोठी बहीण त्यांतलीच आहे.

कथाकथनाची तऱ्हा मात्र निराळी. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथा सांगत ती हातात पुस्तक न धरता. तिथे पान कधीच मागे पडलेले असायचे, आणि कथा त्या गावच्या हशाप्रमाणे लांबायची किंवा आखडायची. ती कला मोठी खरी, पण मला दुकानात जे ऐकायला मिळते ते तिच्या अलीकडचे आहे. इथे पान लेखकाच्या हातात असते, तो त्याला बांधलेला असतो, आणि तरीही तो त्यातून थोडाथोडा सुटत असतो. ही ओढाताण मला कथाकथनापेक्षाही जास्त आवडते, कदाचित माझा धंदाच पानाला बांधलेला आहे म्हणून असेल.

पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मर्ढेकरांच्या आणि बोरकरांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले, त्यांचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. स्वतः नामवंत असलेल्या माणसांनी आपले लेखन बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कविता वाचायला उभे राहणे, याहून मोठी शिफारस ती कोणती? कोणत्या कविता घ्यायच्या आणि कोणत्या ठेवायच्या याची निवड झाली तिथेच त्यांचे अर्धे काम झाले असणार.

दुकानाचे मालक या गोष्टी इतक्या लांबणीने बोलत नाहीत. त्यांना सगळे 'काका' म्हणतात, वयाने त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून चालत सात-आठ मिनिटांवर दुकान आहे, म्हणजे जूनमध्ये जिथे वह्या, गाइडे आणि पाठ्यपुस्तके यांसाठी पाऊल ठेवायला जागा नसते, त्या बाजारपेठेच्या अगदी काठावर. काकांनी पाठ्यपुस्तके कधी ठेवली नाहीत. ठेवली असती तर दुकान आणखी दुप्पट जागेत असते, हे ते स्वतःच सांगतात आणि सांगताना त्यांना फारसे दुःख झालेले दिसत नाही. दाराशी, रस्त्याच्या बाजूला, एक अरुंद फळी आहे आणि तीवर सात पुस्तके दर्शनी मांडलेली असतात. या आठवड्यात काय वाचावे, याचे उत्तर ती फळी आहे. सातच का, असे मी एकदा विचारले. मला वाटले होते की निवडीचे काही तत्त्व ऐकायला मिळेल. "आठवं ठेवलं की दार पूर्ण उघडत नाही," काका म्हणाले.

शिफारस करण्याची त्यांची पद्धत नव्या माणसाला बुचकळ्यात टाकते. गिऱ्हाईक एखादे पुस्तक उचलते, पाठीमागचा मजकूर वाचते, किंमत पाहते, गल्ल्यापाशी येते, आणि काका म्हणतात, "हे तुम्ही घेऊ नका." मग थोडे थांबून, "वाईट नाही हो. तुमच्यासाठी नाही." काही लोकांना याचा राग येतो. एक गृहस्थ तर हट्टाने ते पुस्तक घेऊन गेले आणि पुन्हा कधी दुकानात फिरकले नाहीत. पण जे टिकले त्यांच्यासाठी काकांच्या डोक्यात एक वही आहे. कोणाला बोलीभाषेतले संवाद वाचताना दम लागतो, कोणाला मृत्यू आलेला चालत नाही, कोणाला तीनशे पानांच्या आत काहीही चालते, कोण नुकते निवृत्त झाले आहे आणि आता जाडजूड चरित्रे मागणार आहे, हे सारे त्यांना ठाऊक असते. ते पुस्तकाबद्दल एखादेच वाक्य बोलतात. "पहिली चाळीस पानं सोसा" हे त्यांचे सर्वांत लांबलचक परीक्षण मी ऐकले आहे.

मला बऱ्याच उशिराने जाणवले की लेखक वाचताना जे करतो तेच काका गल्ल्यावर बसून करतात. समोरचा चेहरा पाहून ते वगळत जातात, आणि उरेल ते हातात देतात. हजारो पुस्तकांतून तुम्हाला एक मिळते म्हणजे बाकीची सगळी त्यांनी तुमच्या वतीने गाळलेली असतात. संगणकावरची दुकाने याच्या नेमके उलट वागतात. तिथे एक पुस्तक घेतले की 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतले' म्हणून आणखी दहा पुढे सरकवली जातात, आणि त्या यंत्राने आजवर कोणालाही 'हे तुमच्यासाठी नाही' असे सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सांगेल कशाला? त्याला दार उघडायचे नसते.

अर्थात यात पैशाचे गणितही आहे. एके काळी मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघायची. आता पाचशे, कधी तीनशे प्रती छापून पुढचे पुढे पाहिले जाते. लहान दुकानाला काही प्रकाशक पुस्तके विक्रीनंतर हिशेबाच्या बोलीवर देतात, पण पुष्कळ पुस्तके रोख घ्यावी लागतात, आणि रोखीने घेतलेली प्रत फळीवर पिवळी पडली तर तो तोटा दुकानदाराचाच असतो. अशा वेळी 'हे घेऊ नका' म्हणणे म्हणजे हातचे दोन-अडीचशे रुपये सोडणे होय. काका ते सोडतात, कारण चुकीचे पुस्तक घेऊन गेलेला माणूस वर्षभर दुसरे पुस्तक घेत नाही, असा त्यांचा हिशेब आहे. हा हिशेब बरोबर आहे की नाही ते मला सांगता येणार नाही, पण दुकान अजून चालू आहे. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी 1948 साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात सुरू केलेला स्ट्रँड बुक स्टॉल 2018 मध्ये बंद झाला तेव्हा काकांनी ती बातमी कापून गल्ल्याच्या काचेखाली सरकवली. फोर्टातल्या किताबखान्याला डिसेंबर 2020 मध्ये आग लागली आणि तीन महिन्यांत, मार्च 2021 मध्ये, ते दुकान पुन्हा उघडले, तेही कात्रण तिथेच पहिल्याच्या शेजारी आहे. सुटे पैसे परत देताना ती दोन्ही कात्रणे झाकली जातात.

पुरस्कार जाहीर होतात त्या दिवसांत काकांची परीक्षा असते. डिसेंबरात साहित्य अकादमीची यादी आली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकाच पुस्तकासाठी फोन येऊ लागतात. 2023 चा पुरस्कार कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला मिळाला तेव्हा दुकानात तिच्या दोनच प्रती होत्या आणि मागणारे वीस होते. धरणाखाली गेलेल्या गावात मागे राहिलेली जनावरे शोधायला निघालेल्या विस्थापित माणसाची ती कादंबरी आहे, आणि तिची भाषा सावकाश वाचणाऱ्यालाच सापडते. काकांनी वीस जणांपैकी दोघांना त्या प्रती दिल्या, सहा जणांची नावे लिहून घेतली आणि उरलेल्यांना दुसरेच काहीतरी दिले. त्याच्या तीन वर्षे आधी, 2020 चा पुरस्कार नंदा खरे यांनी 'उद्या' या कादंबरीसाठी नाकारला होता. आपण पुरस्कार घेणे आधीच थांबवले आहे, असे त्यांनी सांगितले. गंमत अशी की ज्यांनी खरे यांचे नावही ऐकले नव्हते ते लोक, नाकारणाऱ्या माणसाने काय लिहिले आहे ते पाहायला, दुकानात आले. काकांच्या मते त्या वर्षातली ती सर्वांत चांगली शिफारस होती, आणि ती लेखकाने 'नको' म्हणून केली होती.

काका चुकत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. एका अनुवादित आत्मकथनावरून त्यांनी मला परत पाठवले होते. मी ते दुसरीकडून घेतले, दोन रात्रींत वाचले, आणि तिसऱ्या दिवशी ते अत्यंत आवडल्याचे त्यांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, "मी सांगितलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा नव्हतंच ते तुमच्यासाठी." हा हटवादीपणा आहे, आणि त्यावर उत्तर नाही.

खरी चूक वेगळीच होती आणि ती एका विद्यार्थिनीने दाखवून दिली. चहाच्या वेळी ती फळीपाशी उभी होती. तिने सात पुस्तके एकेक करून उलटून प्रकाशकाचे पान पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "काका, यातली सहा या दुकानापासून तीन किलोमीटरच्या आत छापलेली आहेत." काकांनी दाराचे कारण सांगितले. ती म्हणाली, "दार आठव्यानं अडतं ना? मग सात कोणती, एवढंच विचारतेय."

वगळण्याच्या कलेची मी इतकी भलामण करत होते, आणि तिची ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. मराठी ग्रंथव्यवहारात हा प्रश्न पहिल्यापासूनचा आहे. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. 1885 च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले तेव्हा त्यांनी यायला नकार देणारे पत्र लिहिले, आणि शूद्रातिशूद्रांच्या हालअपेष्टांचा ज्या सभांना पत्ता नाही त्यांच्याशी आपले जमणार नाही, हे त्यात स्पष्ट सांगितले. ती सभा काही कोणाला मुद्दाम गाळायला बसली नव्हती. समोर जे चेहरे येतात त्यांच्याकडे पाहूनच निवड होत गेली की जे येतच नाहीत ते आपोआप गळतात, आणि आमच्या बावीस खुर्च्यांवर कोण येऊन बसते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मान वळवून पाहिले.

काका त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात विदर्भातल्या एका लहान प्रकाशनाकडून एसटीच्या पार्सलाने पुस्तकांचे खोके आले, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांतला एक कवी दुकानात वाचायला आला. त्याने सव्वीस मिनिटे वाचले. माझी पेन्सिल एकदाही हलली नाही. त्याने एक शब्दही सोडला नाही आणि बदलला नाही. दोन कवितांच्या वेळी पहिल्या रांगेतली माणसे खुर्चीत सरकून बसली, ते त्याला दिसले, आणि त्याने त्या ओळी अधिक सावकाश वाचल्या. चेहरे पाहून वगळता येते, तसे चेहरे पाहून न वगळताही येते, ही नोंद मी त्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर केली आहे. खुणांच्या जागी तेवढेच एक वाक्य आहे.

याआधी एकदाच माझी पेन्सिल अशी स्वस्थ राहिली होती, पण त्याचे कारण वेगळे होते. 2020 च्या टाळेबंदीत दुकान बंद झाले आणि वाचने पडद्यावर सुरू झाली. जून ते डिसेंबर अशी सात वाचने मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकली. लेखक घरातल्या पुस्तकांच्या कपाटापुढे बसत, प्रकाश चांगला असे, आवाज स्पष्ट असे, आणि श्रोते बावीसच्या जागी दीडशे-दोनशे असत. पण पडद्यावर नुसती आद्याक्षरांची वर्तुळे होती. सातही जणांनी छापले होते तसे, अक्षर न अक्षर वाचले. बोलत्या पुस्तकांचा धंदा तर याच अटीवर उभा आहे. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आले तेव्हापासून मी मराठी पुस्तके पुष्कळ ऐकते, त्यांतले वाचक-कलाकार अनेकदा लेखकांपेक्षा कितीतरी सफाईने वाचतात, आणि संहितेतला शब्द गाळण्याचा अधिकार त्यांना नसतो, नसावाही. प्रवासात ते मला पुरते. दुकानात मला पुरत नाही.

प्रकाशन समारंभांबद्दल दोन शब्द इथेच सांगून टाकते. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल, श्रीफळ, रंगीत कागदात बांधलेल्या पुस्तकाची फीत सोडणे, पाहुण्यांची तीन भाषणे, अध्यक्षांचे चौथे, आणि 'वेळेअभावी' लेखकाचे मनोगत पाच मिनिटांत. त्या दीड-दोन तासांत पुस्तक सोडून सर्व काही वाचले जाते, अगदी शुभेच्छांच्या तारासुद्धा, एके काळी. मुंबईत पार्ल्यात मॅजेस्टिक प्रकाशनाने 'गप्पा' सुरू केल्या त्यांत निदान लेखकाला बोलते तरी केले जायचे. समारंभात तो उत्सवमूर्ती असतो, आणि मूर्तीने बोलायचे नसते.

आता त्या दिलेल्या प्रतीविषयी.

काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावचे तरुण शिक्षक आपली पहिली कादंबरी घेऊन आले. पावसाचे दिवस होते, खुर्च्या अठराच भरल्या होत्या. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक बाई येऊन बसल्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी केलेली सतरंजी. लेखकाच्या त्या आई होत्या. सकाळच्या एसटीने आल्या होत्या आणि रात्रीच्या एसटीने परत जाणार होत्या. लेखकाने कादंबरीतले सातवे प्रकरण उघडले, ज्यात नायकाची आई उसनवारीसाठी एका घरी जाते. वाचन छान चालले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे एकदोन विशेषणे गाळली, एक 'म्हणजेच' गाळले, मी खुणा करत गेले. त्या घराच्या ओसरीपाशी प्रसंग आला आणि ते थांबले. पाण्याचा घोट घेतला. मग चार ओळी सोडून त्यांनी पुढच्या परिच्छेदापासून सुरुवात केली.

माझ्या हातातल्या पानावर त्या चार ओळी होत्या. ओसरीवरचा माणूस काय म्हणाला आणि त्यावर त्या बाईने पदर कसा पुढे केला, ते त्यांत होते. प्रकरणाचा कणाच म्हणावा असा तो मजकूर होता. मी समासात चारही ओळींना मिळून उभी रेघ ओढली. त्या रेघेकडे शेजारून पाहत त्या हळूच म्हणाल्या, "समदं वाचायलाय नव्हं त्यो?"

"हो," मी म्हणाले, "सगळं."

काकांनी त्या संध्याकाळी कादंबरीच्या नऊ प्रती विकल्या आणि दोघांना विकायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी ती फळीवरच्या सातांत आली आणि पुढचे चार महिने तिथे राहिली, जे दुकानात क्वचितच घडते.

दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायचे ठरले तेव्हा लेखकाचा काकांकडे फोन आला. त्या दिवशी आईच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसलेल्या बाई कोण होत्या, असे त्यांनी विचारले. आपण वाचत असताना त्या खुणा करत होत्या हे त्यांना दिसले होते, आणि आपण काय काय सोडले ते आता त्यांना आठवत नव्हते. ते स्वतः पुण्याला आले. मी प्रत दिली. चहा घेताना त्यांनी सांगितले की पुतणीने आजीला सगळे पुस्तक वाचून दाखवले, रोज रात्री थोडे थोडे, दीड महिना लागला. सातव्या प्रकरणाच्या रात्री आई काय म्हणाली, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

महिन्याभराने प्रत परत आली, ब्राउन पेपरात, दोऱ्याने बांधून. माझ्या अकरा खुणा होत्या. दहा ठिकाणी त्यांनी माझ्याच पेन्सिलीच्या खुणेवर लाल शाईने काट मारली होती. विशेषणे, 'म्हणजेच', एक उपमा, सारे नव्या आवृत्तीतून गेले. अकरावी खूण, ती उभी रेघ, तशीच होती, आणि तिच्या बाजूला समासात शाईने न लिहिता पेन्सिलीनेच, शाळेच्या वहीतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिले होते: राहू दे.